हौदाचा दुसरा कप्पा

सोयाबीनमधून तेल काढायला आमच्या कारखान्यात हेक्झेन वापरतात. दिसायला पाण्यासारखे, वासाला पेट्रोलसारखे, आणि पेट घ्यायला पेट्रोलहूनही उतावीळ. ते सोयाबीनमधले तेल ओढून घेते, मग वाफेने त्याला तेलातून उडवायचे, थंड करून पकडायचे आणि पुन्हा कामाला लावायचे. पकडताना जे थोडे निसटते ते पाण्याबरोबर मागच्या हौदात येते. हे लिहिते आहे ते त्या हौदाबद्दल, आणि त्याच्या भिंतीपलीकडे भाजी पिकवणाऱ्या माझ्या भासऱ्यांबद्दल, म्हणजे मिस्टरांच्या थोरल्या भावाबद्दल.

मी त्या कारखान्यात स्टोअर सांभाळते. शेलूबाजारच्या पुढे, हायवेला लागून. नटबोल्टपासून हातमोज्यांपर्यंत सगळे माझ्या खिडकीतून जाते आणि माझा नियम एकच आहे: जुने आणा, नवे न्या. फाटलेला पट्टा आणून दाखवल्याशिवाय नवा पट्टा मिळत नाही. माणसे कुरकुर करतात, पण कारखान्यात काय कुठे झिजते आहे हे मला मॅनेजरच्या आधी कळते.

दोन वर्षांपूर्वी एक प्रशिक्षक आले होते. एका अपघातातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा कसा होतो हे सांगायला. त्यांनी टेबलावर लाकडी ठोकळे ओळीत उभे केले, पहिल्याला बोट लावले, सगळे पडले. टाळ्या झाल्या. मला मात्र ते पटले नाही. ठोकळे त्यांनी स्वतःच ओळीत मांडले होते. खऱ्या जागी ओळ कोणी मांडून देत नाही. एक ठोकळा पाइपात असतो, एक ड्यूटी बदलताना अर्धवट सांगितलेल्या गोष्टीत, आणि एखादा कंपाउंडच्या बाहेर असतो, जिथे प्रशिक्षकही जात नाही. त्या दिवसापासून मी माझ्या वहीत एक जादा रकाना आखला: ‘मग काय?’ हे बिघडले, मग काय? तेही बिघडले, मग काय? तीनदा विचारायचे.

कारखान्यातल्या मुलांना चेष्टेला विषय मिळाला. कॅन्टीनमध्ये कोणाचा कप लवंडला की ऑपरेटर ओरडायचा, “मॅडम, चहा सांडला! मंग काय?”

“मग फडकं घ्या,” मी म्हणायची.

हाच ऑपरेटर फेब्रुवारीत माझ्या खिडकीशी आला आणि तीस मीटर रबरी पाइप मागू लागला. फरशी धुवायला.

“जुना कुठे आहे?”

“फाटला, मॅडम. फेकून देल्ला.”

मी दिला. मार्चमध्ये तो पुन्हा आला, पुन्हा तीस मीटर, आणि पुन्हा जुना फेकलेला. तेव्हा तपासणीचे लोक येणार होते, फरशा खरोखर धुवायच्या होत्या, माणूस कामाला चांगला होता. मी तेव्हाही दिला. माझा नियम मी दोनदा मोडला, हे आधीच लिहून ठेवते.

एप्रिल लागला आणि कॅन्टीनमध्ये भाजी यायला लागली. दिवसाआड पिशवीभर भेंडी, वर सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, चार-पाच जुड्या. एप्रिलमध्ये आमच्याकडे सांबार मिळत नाही, मिळाला तर भाव ऐकून माणूस दुकान बदलतो. ऑपरेटर आणायचा, स्वयंपाकीण घालायची, सगळे खायचे. मीही खाल्ली.

“कुठून आणता?”

“देते एक शेतकरी. ओळखीचा आहे.”

तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी जुडी हातात घेऊन पाहिली. ती चिंधीने बांधलेली होती, आणि ती चिंधी माझ्या जुन्या साडीची होती. हिरवा काठ, त्यावर बारीक पिवळी कोयरी. ती साडी मी जावेला दिली होती, भाजी बांधायला चिंध्या कर म्हणून.

म्हणजे शेतकरी माझे भासरे होते.

आम्ही माळी. सासऱ्यांच्या वेळेपासून बगीच्याचे काम, वांगी-मिरची-सांबार, बाजाराच्या दिवशी पहाटे टेम्पोत माल. भासऱ्यांची जमीन कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागूनच आहे, उताराला. भासरे माणूस सरळ आहेत, पण फुकट कोणाला मिरचीचे देठही देत नाहीत. ते ऑपरेटरला दिवसाआड भाजी देतात, तर बदल्यात काही मिळत असणार. काय? पेंडीची पोती? डिझेल? मी दोन दिवस स्टोअर उलटेपालटे केले. सगळे जागेवर होते. नव्हते ते फक्त दोन पाइप.

संशय आला की मी विचारते. पण भासऱ्यांना विचारणे माझ्या हातात नव्हते. आमच्या घरात धाकट्या सुनेने भासऱ्यांशी बोलायचे नसते. लग्नाला एवढी वर्षे झाली, कारखान्यात मी हेल्मेट घालून माणसांना झापते, आणि घरी आले की भासऱ्यांच्या पावलांचा आवाज ऐकून पदर डोक्यावर घेते. काही सांगायचे असले तर जाऊ मधे. ती नसली तर भिंतीकडे तोंड करून बोलायचे: “म्हणावं, चहा झाला.” तेही भिंतीलाच उत्तर देतात: “म्हनाव, येतो.” माझे मिस्टर नोकरीसाठी आठवडाभर अकोल्याला, म्हणजे तोही रस्ता बंद. कोणी जबरदस्ती करत नाही. सवय आहे, आणि सवय मोडायला कारण लागते.

मी जावेला विचारले, “ताई, दरवर्षी मार्चमध्ये विहीर तळाला जाते. औंदा पाणी कुठून आलं? त्यांना विचारा ना.”

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. “इचारलं मी. म्हन्ले, झरा फुटला.”

एप्रिलमध्ये झरा. बोलताना जाऊ कणकेकडे पाहत होती. कणीक केव्हाच मळून झाली होती.

 हेही लक्षात आले की मी वही काढली की दोघे नवरा-बायको बोलणे थांबवतात. मी त्यांच्यावर संशय घेत होते आणि ते माझ्यावर. त्यांच्या लेखी मी घरातली कंपनी होते.

त्यानंतर चार दिवसांनी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, उशिराची ड्यूटी होती म्हणून, मी डबा भरत होते आणि जाऊ कपाळाला बाम चोळत होती.

“काय झालं?”

“विहिरीवर गेलं का डोकं जड होते वं. दोन दिवस झाले.”

“उन्हाने?”

“ऊन काय आजचं आहे का? वास येते तिथं. फवाऱ्याचा असन.”

“कसला वास, ताई?”

“असाच. गाडीच्या टाकीचं झाकन उघडलं का येते, तसा.”

मी डब्याचे झाकण बाजूला ठेवले. मी म्हटले, “त्यांना आत्ता सांगा. विहिरीजवळ जायचं नाही. मोटर लावायची नाही. मी पाहून येते तोवर.”

“सांगतो,” जाऊ म्हणाली.

मी कारखान्यात पोहोचले ती थेट मागे, हौदाकडे.

तो हौद कसा चालतो ते सांगते, सोपे आहे. तीन कप्पे, मधे दोन भिंती. पहिली भिंत तळाला टेकत नाही, खाली फट असते; दुसरी टेकते, तिच्यावरून पाणी सांडते. हेक्झेन पाण्यावर तरंगते, म्हणून ते पहिल्या कप्प्यात वर राहते आणि खालून नुसते पाणी पुढच्या कप्प्यात जाते. तिसऱ्यातून बाहेर पडते ते स्वच्छ. सगळी रचना एका गोष्टीवर उभी आहे: पाण्याची पातळी त्या फटीच्या वर पाहिजे. पाणी हेच तिथले दार. पाणी फटीच्या खाली गेले की दार उघडे, आणि वरचे हेक्झेन पुढे चालू लागते.

दुसऱ्या कप्प्यात माझा पाइप सोडलेला होता. दुसरा पाइप त्याला तारेने जोडून भिंतीवरून पलीकडे टाकलेला. एकदा तोंडाने ओढले की उताराने पाणी आपोआप वाहत राहते. पाइप सतत ओढत होता आणि पातळी फटीच्या खाली गेली होती. पाण्यावरची हवा थरथरत होती, तापलेल्या डांबरावर थरथरते तशी, पण हौद सावलीत होता.

ऑपरेटर मागून आला.

“हा पाइप कोणी टाकला?”

“मॅडम, वेस्टेज पानी आहे. आपल्या काय कामाचं? नालीत जाते ते बिचाऱ्याच्या विहिरीत जाते.”

“मग तिसऱ्या कप्प्यातून का नाही घेतलं? स्वच्छ तिथे असतं.”

तो हातमोजा काढून पुन्हा घालू लागला.

“मी विचारतेय.”

“तिथं फ्लोट आहे. पातळी उतरली का पॅनलवर लाल दिवा लागते.”

“म्हणजे माहीत होतं.”

“मॅडम, चोरी थोडी आहे? माणुसकी म्हनून देल्लं. तुमचेच भासरे आहे.”

 तो खोटे बोलत नव्हता. भाजीच्या बदल्यात पाणी, आणि पाणीही टाकाऊ. आमच्या भागात उन्हाळ्यात कोणी कोणाच्या वावरात पाणी सोडले तर त्याला चोर म्हणत नाहीत, पुण्यवान म्हणतात. मी स्टोअरमध्ये पोती मोजत बसले होते, आणि जे जात होते ते मोजायच्या यादीतच नव्हते.

मग काय? पाइपातून पाण्यावर बसून हेक्झेन भासऱ्यांच्या विहिरीत. त्याची वाफ हवेपेक्षा जड, वर जात नाही, म्हणजे विहीर कडेपर्यंत भरणार. विहिरीच्या काठावर मोटरचा स्टार्टर, पत्र्याच्या पेटीत. स्टार्टरला ऑटो स्विच. शेतीची लाईन, म्हणजे वीज, कधी दिवसा, कधी रात्री येते, म्हणून आमच्याकडे सगळ्यांनी तो बसवला आहे. लाईन आली की मोटर आपोआप सुरू होते, शेतकऱ्याने घरी झोपावे. त्या आठवड्यात लाईन बाराला येत होती. बाराला पेटीत ठिणगी. मग विहीर. विहिरीतून वाफेच्या मागावर आग उलट, पाइपाच्या वाटेने, भिंतीवरून हौदात. हौदापासून प्लांट किती लांब आहे हे मला पावलांत माहीत आहे. त्यामागे हेक्झेनच्या टाक्या. त्यामागे हायवे.

आणि पहिला माणूस विहिरीवरचा.

मी ऑपरेटरला म्हटले, “पॅनलला सांगा, प्लांट बंद. साहेबांना बोलवा, गॅसचा मीटर घेऊन भिंतीपलीकडे पाठवा. हौदात ताजं पाणी सोडायला लावा. आणि पाइपाला हात लावू नका, ओढाताण नको.” तो धावला. तो वाईट नव्हता, हे मी तेव्हाही जाणून होते.

प्लांटमध्ये फोन नेत नाहीत, फोन गेटवर जमा असतात. गेटवर घड्याळात अकरा वाजून पंचवीस. जावेचा फोन वाजून वाजून बंद झाला. तो दिवसभर घरी चार्जिंगला असतो. भासऱ्यांचा नंबर माझ्याकडे नाही. असायचे कारणच कधी पडले नव्हते. मी वायरमनला लावला.

“आज बाराला लाईन सोडू नका.”

“काहून? तुमी कोन?”

मी सांगितले. तो हसला. “मॅडम, बारा म्हंजे बारा. पाच मिनिट लेट झालं तं लोकं माह्या दारात बसते.”

“विहिरीत गॅस आहे हो.”

“असं रोज कोनी काही सांगते. सबस्टेशनले फोन लावून पाह्यतो. मी किन्हीराज्याच्या रोडवर आहो, याले टाइम लागन.”

तो लावील यावर माझा विश्वास नव्हता. मी चालत निघाले. स्कूटर घेतली नाही, कारण स्कूटरही ठिणगीच. भिंतीला वळसा घालून धुऱ्याने, वावराच्या बांधावरून, दहा मिनिटे. मधे एकदा थांबून मूठभर माती उडवून पाहिली. वारा पश्चिमेचा होता. म्हणून पश्चिमेकडूनच गेले.

भासरे विहिरीच्या काठावर बसले होते. पेटीला पाठ टेकून, हातावर तंबाखू मळत, लाईनची वाट पाहत. ते बिडी ओढत नाहीत हे आमच्या सगळ्यांच्या नशिबात होते. जावेने सांगितले असते तर ते तिथे बसले नसते. तिने सांगितलेच नव्हते, हे मला तिथे, लांबूनच कळले.

मी ओरडले, “दादा, उठा! इकडे या!”

त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे नाही, आपल्या मागे पाहिले. मी कोणाला बोलावते आहे ते शोधायला. मागे कोणी नव्हते. मग सवयीप्रमाणे त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवले, सूनबाईला संकोच वाटू नये म्हणून.

“तुमालेच म्हणून राह्यली मी! दादा! विहिरीपासून बाजूला व्हा!”

आता ते उठले. पण जागचे हलले नाहीत. माझ्याकडे सरळ पाहिले, बहुधा पहिल्यांदाच.

“कायले? लाईन याची वेळ झाली.”

“म्हणूनच! विहिरीत कारखान्याचा गॅस आहे. मोटर चालू झाली की पेट घेईल.”

“रोज चालू होते मोटर. महिना झाला.”

त्यांचे खरे होते, आणि माझ्याकडे पुरावा नव्हता. वास होता, पण त्यांचे नाक दोन दिवसांत त्या वासाला सरावले होते. मी म्हटले, “दादा, माझं चुकलं तर उद्या सगळ्या गावासमोर मला शिव्या द्या. आत्ता डीपीवर जा आणि आपल्या मोटरचा फ्यूज काढा. पेटीला हात लावू नका. डीपीवरून.”

“कंपनीनं पाठोलं का तुले?”

“मी माझ्या पायांनी आले.”

त्यांनी तंबाखू फेकली. धुऱ्याने चालत आले, माझ्यापासून चार हात अंतर ठेवून पुढे गेले आणि डीपीकडे वळले. धावले नाहीत. मी मागून मोठ्याने मिनिटे सांगत होते आणि ते ऐकत नसल्यासारखे चालत होते. डीपी, म्हणजे सगळ्या वावरांना वीज वाटणारी पेटी, वाऱ्याच्या बाजूला, तीन वावरे सोडून आहे. त्यांनी पेटी उघडली, आमचा फ्यूज ओळखला, ओढून काढला आणि खिशात घातला.

मग आम्ही तिथे उभे राहिलो. काही मिनिटांनी आजूबाजूच्या वावरांतल्या मोटरी सुरू झाल्या. आधी एक, मग दोन, मग सगळीकडून घरघर. वायरमनने लावले नव्हते. आमच्या विहिरीकडून आवाज नव्हता. भासरे तिकडे पाहत होते आणि मी त्यांच्या खिशाकडे.

साहेब मीटर घेऊन आले, सोबत दोघे. मी त्यांना वाऱ्याची बाजू दाखवली. मीटर विहिरीच्या काठापर्यंत न्यावाच लागला नाही. बरेच अलीकडे तो ओरडायला लागला. साहेब जसे गेले तसे मागे आले आणि त्यांच्या तोंडाचा रंग पाहून भासरे पहिल्यांदा खाली बसले.

नंतर कळले की आत एक थंड करायची नळी दोन दिवसांपासून गळत होती आणि हौदात नेहमीपेक्षा जास्त हेक्झेन येत होते. पातळी दोन-तीन दिवसांपूर्वी फटीखाली गेली असावी. काल-परवा मोटर सुरू झाली तेव्हा वाफ पेटीपर्यंत चढली नसेल. नसेल. मला हे शब्द आवडत नाहीत, पण दुसरे नाहीत.

विहीर मोकळी करायला कारखान्याला तीन दिवस लागले. अहवालासाठी साहेबांनी मला म्हटले, शेतकऱ्याने पाणी चोरले असे लिहा. मी लिहिले नाही. मी ओळ लिहिली: नळी, पाइप, फ्लोट चुकवणारा ऑपरेटर, जुने न घेता दोनदा नवे देणारी स्टोअरवाली, निरोप न देणारी जाऊ, ऑटो स्विच. साहेबांनी वाचून विचारले, यात चोर कोण? मी म्हटले, शोधून पाहा.

जावेला मी विचारले, सांगितले का नाही. ती म्हणाली, “तू त्या पोराची नोकरी खाशील असं वाटलं. अन् आमचं पानी.”

पाणी गेलेच. आठ दिवसांत भेंडी वाळली, सांबार पिवळा पडला. भासरे रोज वाळलेल्या वाफ्यांत जाऊन उभे राहायचे. एका संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. मी सवयीने पदराकडे हात नेला. त्यांनी थेट मलाच विचारले, “खरं सांग. पेटलं असतं का?”

“नक्की नाही सांगता येत, दादा. बहुतेक.”

“बहुतेकवर माही भेंडी गेली.”

 ते गेले.

पाऊस येऊन विहिरीला आपले स्वतःचे पाणी आले, तेव्हा त्यांनी मला बोलावले. ऑटो स्विच काढून टाकलेला होता. कारखान्याच्या माणसांनी मीटर लावून ठीक आहे सांगितले होते, ते त्यांना पटले नव्हते. त्यांनी बादलीने पाणी वर काढले, बादली दोन हातांवर धरली आणि माझ्यापुढे केली.

“पाह्य बरं. वास येते का?”

मी वाकून वास घेतला. गाळाचा वास होता, शेवाळाचा, आणखी कशाचा नाही. “नाही येत.”

त्यांनी बादली खाली ठेवली, स्वतः वाकून पाहिले, मग माझ्याकडे बारीक नजरेने पाहिले.

“सर्दी तं नाही ना तुले?”

“नाही, दादा.”

“पुन्हा घे.”

मी पुन्हा घेतला.